बर्फ, काळी साडी आणि फोर बाय फोर

डिसेंबर उजाडला की सिंगापुरातल्या आमच्या पुंगोलच्या मॉलबाहेर बर्फ पडतो. संध्याकाळ झाली की छताला लावलेल्या यंत्रांतून साबणाचा फेस उडायला लागतो, स्पीकरवर घंटा किणकिणतात आणि घामाने डबडबलेली पोरं चपला फटफटवत त्या फेसाखाली नाचतात. आया फोटो काढतात. थोड्या वेळात फेस विरतो, खाली नुसतं चिकट पाणी उरतं, आणि साफसफाईच्या मावशी कुणाचा पाय घसरू नये म्हणून तिथे पिवळी पाटी आणून ठेवतात.

मी भाजीची पिशवी घेऊन तिथून जाते, थांबत नाही. शेजारच्या बाई एकदा कौतुकाने म्हणाल्या, "मुलीला घेऊन या ना, बर्फ बघायला मिळतो." मी हसले. बर्फ मला नवा नाही. खरं सांगायचं तर माझा राग बर्फावर नाहीच. बर्फाने माझं काही वाईट केलं नाही. उलट त्याने मला एक दिवस दिला होता, तो घरातल्याच माणसाने माझ्याकडून काढून घेतला.

इथे सिंगापुरात ऋतू असा नसतो. पाऊस असतो आणि जास्त पाऊस असतो. त्यामुळे कुठली गोष्ट कधी घडली ते नीट आठवत नाही, सगळी वर्षं एकाच लांबलेल्या दमट दुपारीसारखी वाटतात. माझ्याकडे मात्र एक अख्खा हिवाळा वेगळा काढून ठेवलेला आहे. डिसेंबरात तो आपोआप वर येतो आणि संक्रांत होईपर्यंत जात नाही.

आमची ईरा तीन वर्षांची होती तेव्हा मिलिंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कंपनीने एका हिवाळ्यापुरतं कॅनडाला पाठवलं. तो जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लांटमध्ये आहे. सकाळी गळ्यात पास अडकवून कंपनीच्या बसने जातो. तशाच एका प्लांटचं काम एडमंटनच्या उत्तरेला एका लहानशा गावात चाललं होतं. आम्ही दोघीही गेलो. मी तेव्हा डिपेंडंट पासवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीवर मिळणाऱ्या परवान्यावर, सिंगापुरात होते. त्या शब्दाची आधी चीड यायची, मग सवय झाली, आणि सवय झाली याची पुन्हा चीड आली. लग्नाआधी मी चाकणला एका कारखान्यात गिअरबॉक्सच्या टेस्टिंगला होते. मेकॅनिकल इंजिनिअर. हे इथे कुणी विचारत नाही, म्हणून आपणहून सांगून ठेवते.

गावात मिलिंदला कंपनीने पिकअप ट्रक दिला. चढायला पायरी, पुढे दोन ओळी सीट असलेली ऐसपैस केबिन, मागे उघडा हौदा. स्टिअरिंगच्या उजवीकडे एक गोल बटण आणि त्यावर तीन खुणा. पहिल्या खुणेवर इंजिनाचा जोर फक्त मागच्या दोन चाकांना जातो. दुसरीवर चारही चाकांना, तेच फोर बाय फोर. तिसरी, फोर-लो, गाडी कुठे रुतली तर; मुंगीच्या पावलाने पण सगळी ताकद लावून बाहेर यायला. एवढंच. यात चमत्कार काही नाही. चारही चाकांना जोर मिळाला की गाडी बर्फावर जागची हलते, चढ चढते, सरळ धावते. थांबते मात्र इतर कुठल्याही गाडीसारखी, ब्रेकने, आणि बर्फावर टायरला धरायला काही नसतं. निघायला मदत होते, थांबायला नाही. हे वाक्य त्या हिवाळ्यात मी इतक्या वेळा म्हटलं की ईराही बोबड्या बोलात म्हणायला लागली.

मिलिंदचं वेगळं होतं. ट्रक आला त्या दिवशी त्याने बॉनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढलं, नारळ मिळाला नाही म्हणून संत्रं ओवाळलं, आणि फोर बाय फोरचं बटण जे फिरवलं ते फिरवलंच. "आता काळजी नाही," म्हणाला. रस्ता बर्फाचा असो, कोरडा असो, सुपरमार्केटचं छताखालचं पार्किंग असो, बटण तिथेच. कोरड्या जमिनीवर पुढची-मागची चाकं अशी एकमेकांना बांधून वळवली की गाडी कण्हते, धक्के देते. ती तसं करायला लागली की तो म्हणायचा, "थंडी वाजतेय तिला." मी म्हणायचे, थंडी नाही, आतल्या गिअरांची वाट लागतेय, कोरड्यावर दोन चाकांवर घे. त्यावर तो माझ्याकडे न बघता म्हणायचा, "तुझं चाकण इथे नको आणू."

मी आणलंच. त्याला प्लांटची व्हॅन घेऊन जायची, ट्रक दिवसभर दारात उभा. गाडीच्या विम्यात मी हट्टाने माझंही नाव घालून घेतलं होतं. तिथे गाडीच्या नाकातून एक वायर बाहेर आलेली असते, ती भिंतीतल्या प्लगला लावून इंजिन ऊबेत ठेवावं लागतं. सकाळी ती वायर काढायची, फोन चार्जिंगवरून काढतो तशी. श्वास घेतला की नाकातले केस गोठून टोचायचे. पायाखाली बर्फ कॉर्नफ्लोअरसारखा कुरकुरायचा. ईराला मागे तिच्या सीटमध्ये पट्ट्यांनी बांधून मी हॉकीच्या हॉलमागच्या रिकाम्या पार्किंगमध्ये जायचे आणि गाडी मुद्दाम घसरवायचे. घसरली की ब्रेकवरचा पाय काढायचा, जिकडे जायचंय तिकडे बघायचं आणि स्टिअरिंग हळूच तिकडे न्यायचं. ईरा खिदळायची, "आई, पलत." हौदा रिकामा असला की गाडीची मागची बाजू हलकी पडते आणि शेपटीसारखी झुलते, म्हणून तिथली माणसं मागच्या चाकांच्या वर वाळूची पोती टाकून ठेवतात. मीही टाकली. लग्नानंतर इतकं मन लावून मी दुसरं काही केल्याचं आठवत नाही.

आता इथे एलआरटीच्या, म्हणजे आमच्या छोट्या मेट्रोच्या, खिडकीतून पिकअप दिसतात. झाडं छाटणाऱ्यांचे, एसी दुरुस्त करणाऱ्यांचे. मागच्या फळीवर मोठ्या दिमाखात फोर बाय फोर लिहिलेलं. या बेटावर त्याचा उपयोग काय, देव जाणे. रस्ते गुळगुळीत, गटारं झाकलेली, चिखलसुद्धा कुठे दिसत नाही. ती चाकं तशीच न जोडता म्हातारी होणार. सकाळी हार्बरफ्रंटच्या ऑफिसात जाताना, जिथे मी आता जहाजांच्या सुट्या भागांच्या ईमेलना उत्तरं देते, अशी एखादी गाडी दिसली की माझा दिवस जरा वाईट जातो.

तर संक्रांत. एडमंटनच्या मराठी मंडळींनी हळदीकुंकू ठरवलं, त्यातच ईराचं बोरन्हाण करायचं ठरलं. मराठी माणसांत कुणाकडे मोठी गाडी आहे असं कळलं की ती गाडी त्याची राहत नाही. फोन आला, "तुमच्याकडे ट्रक आहे ना, मग येता येता वाटेत अमक्यांकडून घडीच्या खुर्च्या आणि मोठी पातेली घेऊन या." मिलिंद खूश. खुर्च्यांना जागा हवी म्हणून त्याने वाळूची पोती उतरवून गराजमध्ये रचली.

मी म्हटलं, "खुर्च्या तिथेच राहणार. परत येताना मागे काय?"

"फोर बाय फोर आहे," तो म्हणाला.

कार्यक्रम छान झाला. बोरं कुठली मिळायला, ईराच्या डोक्यावरून ब्लूबेरी आणि मार्शमॅलो ओतले. काळा फ्रॉक, गळ्यात हलव्याची माळ, हातात हलव्याचे गजरे. दुपारी जेवताना यजमान म्हणाले, बर्फ येतोय, आजची रात्र राहा. मिलिंदला सकाळी मीटिंग होती. आम्ही निघालो.

शहर मागे पडलं तसं आकाश आणि जमीन एका रंगाची झाली. वारा रस्त्यावरून बर्फाच्या बारीक रेघा ओढत होता. सगळ्या गाड्या हळू चालल्या होत्या आणि मिलिंद एकेकीला मागे टाकत होता. "बघ, हलतेय तरी का? चारही चाकं धरून आहेत." मी हळू चालव म्हटलं. मागून ईरा म्हणाली, "थांबायला नाही." तिला त्यातलं काही कळत नव्हतं, नुसतं पाठ होतं.

पुढच्या ट्रेलरचे लाल दिवे लागले. मिलिंदने ब्रेक दाबला. गाडी तशीच पुढे जात राहिली, आणि मग रिकामा हौदा एका अंगाने आमच्याही पुढे यायला निघाला. दोन रस्त्यांच्या मधल्या खोलगट भागात, मऊ बर्फात, आम्ही तिरके जाऊन बसलो. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. ईराची हलव्याची माळ तुटली, पांढरे दाणे काळ्या फ्रॉकवर सांडले आणि ती ते एकेक उचलून खायला लागली.

मिलिंदचे हात स्टिअरिंगवर तसेच होते. बोटं सुटत नव्हती. "इथेच बसू," तो म्हणाला, "कुणीतरी येईल." थोड्या वेळाने म्हणाला, "मी नाही चालवणार. मला नाही जमणार." त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं, आजही नाही. माणूस घाबरतो. मला त्या क्षणी त्याच्याबद्दल माया वाटली होती, हेही लिहून टाकते.

मी पदर खोचला, साडी गुडघ्यापर्यंत वर घेऊन जॅकेटखाली कोंबली आणि बुटांनिशी उतरले. बर्फ मांडीपर्यंत. आधी मागची धुराची नळी मोकळी केली, नाहीतर तो धूर आत येऊन आम्ही तिघंही बसल्याजागी झोपलो असतो. मग गाडीतल्या फावड्याने चाकांपुढचा बर्फ काढला, पायाखालच्या मॅट टायरखाली सरकवल्या. एवढ्यात एक जुना ट्रक रस्त्याच्या कडेला येऊन थांबला. त्यातून एक म्हातारा उतरला. त्याने माझी साडी बघितली, केबिनमधला मिलिंद बघितला, आणि विचारलं, "हू इज ड्रायव्हिंग?"

मी म्हटलं, "आय ॲम."

त्याने मान डोलावली, इंडिकेटर लावले आणि मागून येणाऱ्या गाड्यांना हात करत उभा राहिला. एवढं सरळ मला आयुष्यात कुणी काही विचारलेलं नाही आणि माझ्या उत्तरावर इतक्या सहज कुणी विश्वासही ठेवलेला नाही. मिलिंद मागे ईराशेजारी जाऊन बसला. मी बटण फोर-लोवर नेलं. खाली खट्कन आवाज आला, तो चाकणच्या टेस्ट बेंचवरचा आवाज होता, माझ्या ओळखीचा. थोडं पुढे, थोडं मागे, पुन्हा पुढे. आपल्याच चाकोऱ्या दाबत दाबत जागा केली. सरळ चढ न घेता खोलगटातूनच तिरकी तिरकी नेत गाडी रस्त्यावर आणली. म्हाताऱ्याने हात वर केला आणि तो त्याच्या वाटेने गेला.

पुढचा सगळा रस्ता मी चालवला. बर्फ उपसणारी गाडी पुढे होती, तिच्या मागे मागे, भरपूर अंतर ठेवून, ब्रेकला जवळजवळ न शिवता. वायपरची टकटक, हीटरची कोरडी ऊब, ओल्या साडीचा वास, मागे ईरा झोपलेली आणि मिलिंद डोळे घट्ट मिटून काहीतरी पुटपुटत असलेला. खिडकीबाहेर काहीच दिसत नव्हतं आणि मला सगळं दिसत होतं. मी खूश होते. इतकी खूश की गाव आलं तेव्हा वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मिलिंदने पुण्याला त्याच्या आईवडिलांना फोन केला. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. तो म्हणाला, "हो, घसरली होती जरा. काढली मी हळूहळू बाहेर. मॅट टाकल्या टायरखाली." मला वाटलं, म्हाताऱ्या माणसांना काळजी नको, म्हणून बोलला असेल. पुढच्या वेळी तो हेच त्याच्या साहेबांना सांगत होता. चारचौघांत नवऱ्याला कुठे तोंडघशी पाडायचं. त्याच्या पुढच्या वेळेपर्यंत मी बोलले असते तर मीच खोटी ठरले असते, इतकी ती गोष्ट पक्की झाली होती. आता तर ती दर डिसेंबरात होते. मॉलच्या फेसाचा विषय निघाला की मिलिंद सोफ्यावर सरसावून बसतो. बर्फ आता कमरेपर्यंत आला आहे. फोर-लोचा खट्कन आवाजसुद्धा तो तोंडाने काढून दाखवतो, डोळे मिटून ऐकलेला. आणि शेवटी माझ्याकडे बोट करून म्हणतो, "हिला तर रडूच कोसळलं होतं." माझा दिवस घेतला तो घेतला, वर स्वतःचं रडू मला देऊन टाकलं. याला काय म्हणावं ते मला अजून समजलेलं नाही. तो मुद्दाम खोटं बोलत असता तर मी भांडले तरी असते. पण तो सांगताना त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं की कळतं, त्याला ते खरंच तसं आठवतं.

ईराही तेच ऐकत मोठी झाली. इथे परत आल्यावर मिलिंदने त्याचं लायसन्स इथलं करून घेतलं. माझं म्हटल्यावर म्हणाला, आपण कुठे इथे गाडी घेणार आहोत. ते राहिलं ते राहिलंच. मागच्या सुट्टीत भाड्याची गाडी घेऊन आम्ही मलेशियात मलाक्काला गेलो. परतताना मिलिंद जांभया देत होता. मी म्हटलं, माझं इथलं लायसन्स असतं तर मी चालवली असती. मागून ईरा कानातला इअरफोन काढून इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, "आई, डोन्ट लाह. स्केअरी. बाबाने बर्फातून काढली तेव्हा तू रडत होतीस." मी पुढे रस्त्याकडे बघत राहिले. माझ्या मुलीला तिची आई रडणारी बाई म्हणून माहीत आहे. बाकी कुणाला काय वाटतं त्याचं मला सोयरसुतक नाही, हे एवढं मात्र सोसत नाही.

यंदा हळदीकुंकू आमच्याकडे होतं. बाहेर मुसळधार पाऊस, आत एसी लावून काळ्या साड्या नेसलेल्या बायका. प्राची म्हणून एक मुलगी आहे, ती आणि तिचा नवरा पुढच्या महिन्यात कॅल्गरीला चाललेत. मग काय, मिलिंदला श्रोता मिळाला. अख्खी गोष्ट झाली, खट्कन आवाजासकट, माझ्या रडण्यासकट. वर सल्ला: "डोळे मिटून फोर बाय फोर घ्या आणि बिनधास्त जा. ब्रेक मारला की चारही चाकं जमीन धरतात."

माझ्या हातात वाणाचं ताट होतं. मी म्हटलं, "नाही धरत. निघायला मदत होते, थांबायला नाही."

"हो, हो," मिलिंद हसत म्हणाला, "आमच्या चाकणच्या एक्स्पर्ट."

सगळे हसले. विषय बदलावा म्हणून की काय, आमच्यात वयाने मोठ्या असलेल्या मेधाताई म्हणाल्या, "चल स्मिता, घरच्या बाईने आधी नाव घ्यायचं." दर वर्षी मी कुठलातरी जुना उखाणा म्हणून सुटका करून घेते. या वेळी ताट टेबलावर ठेवलं आणि म्हटलं,

"हायवेवर बर्फ होता, अंगावर काळी साडी,
मिलिंदराव मागे बसले, मीच चालवली गाडी."

एकच हशा पिकला. मेधाताईंना हसून ठसका लागला. "अगं, काय विनोदी आहेस," त्या म्हणाल्या, "याला म्हणतात सूड." सगळ्यांत मोठ्याने मिलिंद हसत होता. ईरा टाळ्या वाजवत म्हणाली, "आई, सो फनी. यू कान्ट ईव्हन ड्राइव्ह, लाह." इतकी वर्षं ओठांशी धरून ठेवलेलं खरं मी सगळ्यांदेखत मोठ्याने बोलले, आणि ते विनोद म्हणून खपलं.

जाताना प्राची दारात चपला घालत रेंगाळली. "मग थांबायचं कसं?" तिने हळूच विचारलं.

"आधीपासून सावकाश चालवायचं," मी म्हटलं. "आणि हौद्यात वाळू टाक. कुणी उतरव म्हटलं तरी उतरवायची नाही." तिने मान हलवली आणि लिफ्टकडे गेली.

पाहुणे गेल्यावर घर एकदम सुनं झालं. मी कप गोळा करत होते. मिलिंदने डब्यातला एक लाडू माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "आमचं राहिलंच की. तिळगूळ घे, गोड बोल."

"इतकी वर्षं तेच केलं," मी म्हटलं.

माझा आवाज बहुधा वेगळा आला असावा. सोफ्यावर फोन बघत पडलेल्या ईराने मान वर केली. आधी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि उठून बसली.

"बाबा," ती म्हणाली, "सो हू वॉज ड्रायव्हिंग?"

त्या हायवेवरच्या म्हाताऱ्यानंतर हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. मी कप खाली ठेवला. मिलिंद तिळगुळाच्या डब्याचं झाकण लावत होता. ते बसत नव्हतं. त्याने ते काढलं, पुन्हा फिरवून लावलं, आणि तेव्हा मला कळलं की त्याला सगळं आठवतंय, अगदी जसं झालं तसं.

"अगं, फोर बाय फोर होती ना ती," तो झाकणाकडे बघत म्हणाला. "आपोआपच आली घरी."

दर संक्रांतीला मी न चुकता त्याचं नाव घेते. त्याला एकदाच माझं घ्यायचं होतं.